अनुग्रह घेतला नसेल तर जप वाया जातो का?

आपण विचारलेले थोडक्यात असे आहे. गेली काही वर्षे आपण रोज सकाळी हरिपाठ म्हणता आणि ‘रामकृष्णहरी’ जपता. परंतु कोणाकडूनही अनुग्रह, म्हणजे गुरूकडून मंत्रदीक्षा, घेतलेला नाही. नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ‘निगुऱ्याचा (गुरू न केलेल्याचा) जप फळत नाही’ असे सांगून त्यांच्या परिचयातील एका महाराजांकडून लवकर मंत्र घेण्याचा आग्रह धरला आहे. तेथे अनुग्रहासाठी ठरावीक रक्कम भरावी लागते आणि तेथे काय घडले हे घरी, अगदी पतीलाही, सांगायचे नाही अशी अट आहे. त्यापेक्षा तुळशीची माळ घ्यावी असे आपल्या मनात आहे, पण मधुमेहामुळे एकादशी निभेल की नाही याची धास्ती वाटते. मी वारकरी घरातला, माळकरी आहे. ज्ञानेश्वरीवर प्रवचने करण्यात आयुष्याचा मोठा भाग गेला आणि समर्थ, नाथ व दत्त संप्रदायांतील साधकांचा सहवासही पुष्कळ लाभला. त्या आधाराने लिहितो.

पहिले उत्तर सरळ देतो. आपला जप वाया गेलेला नाही आणि जाणारही नाही. आपण रोज म्हणता त्या हरिपाठातच ‘काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं’ असे ज्ञानेश्वर महाराजांनी म्हटले आहे. नाम घेण्याला मुहूर्त लागत नाही, सोवळे लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. मात्र त्याच हरिपाठात ‘गुरुविण अनुभव कैसा कळे’ हेही वचन आहे. ही दोन्ही वचने आपण रोज सकाळी एकाच बैठकीत म्हणता, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर ती दोन्ही एकत्र वाचण्यात आहे. नाम घेण्यासाठी गुरू लागतो असे महाराज म्हणत नाहीत. नाम घेता घेता जो अनुभव येतो तो कळण्यासाठी गुरू लागतो असे म्हणतात. जपात कधी मन अतिशय शांत होते, कधी विनाकारण रडू येते, कधी महिनोन्महिने कोरडेपणा येतो, कधी काही दिसल्याचा भास होतो. यांतले काय धरावे आणि काय सोडून पुढे चालावे, हे आपले आपल्याला कळत नाही. शांत वाटले की माणूस स्वतःला सिद्ध समजू लागतो आणि कोरडे वाटले की जप सोडून देतो. दोन्ही ठिकाणी हात धरणारा कोणीतरी असावा लागतो.

गुरूकडे जाण्याची आज्ञा जुनी आहे. मुंडक उपनिषदात सांगितले आहे की ते ज्ञान हवे असेल त्याने हातात समिधा घेऊन श्रोत्रिय आणि ब्रह्मनिष्ठ अशा गुरूकडेच जावे. या दोन अटी एकत्र आहेत, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. ज्याला शास्त्र येते पण अनुभव नाही तो पुरा पडत नाही, आणि ज्याला अनुभव आहे असे लोक म्हणतात पण जो कोणत्याही परंपरेला, कोणत्याही ग्रंथाला बांधलेला नाही, त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी शिष्याची बाजू सांगितली आहे : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. यांतील नमस्कार आणि सेवा यांवर आज सगळीकडे भर दिसतो, आणि मधला परिप्रश्न मात्र गळून गेलेला असतो. गुरूला पुन्हापुन्हा, सर्व बाजूंनी विचारणे हा शिष्याचा अधिकार खुद्द गीतेने दिलेला आहे. जेथे प्रश्न विचारला की श्रद्धा कमी आहे असे ऐकावे लागते, तेथे गीतेच्या तीन अटींपैकी एक पहिल्याच दिवशी मोडलेली असते.

आता माळेविषयी. वारकरी पंथात दीक्षेचा विधी इतका साधा आहे की बाहेरच्या माणसाला तो विधी वाटतच नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात, एरवी आळंदीला किंवा देहूला, नाहीतर गावातल्या सप्ताहात, स्नान करून, कपाळी गोपीचंदन आणि बुक्का लावून माणूस फडकऱ्यांपुढे (वारकऱ्यांच्या फडाच्या, म्हणजे परंपरागत समूहाच्या, प्रमुखांपुढे) किंवा एखाद्या वृद्ध माळकऱ्यापुढे बसतो. तुळशीच्या मण्यांची माळ ज्ञानेश्वरीच्या पोथीवर ठेवतात. ज्ञानोबा-तुकोबांचे नाव घेतात आणि ती माळ त्याच्या गळ्यात घालतात. त्याआधी नियम सांगितले जातात : मांस-मद्य वर्ज्य, परस्त्री मातेसमान, परद्रव्याला हात लावायचा नाही, खोटे बोलायचे नाही, पंधरवड्याची एकादशी, रोजचा हरिपाठ आणि वर्षातून पंढरीची वारी. ‘पाळशील का?’ असे विचारतात. तो ‘पाळीन’ म्हणतो. सगळे मिळून काही मिनिटांत होते. माझ्या पाहण्यात माळेच्या किमतीपलीकडे कोणी काही मागितलेले नाही.

साधेपणामुळे याला हलके समजू नये. एका फडावर मी पाहिले आहे की एक तरुण माळ घ्यायला आला, तर तेथील वृद्ध फडकऱ्यांनी त्याला परत पाठवले आणि पुढच्या वेळी आईला व बायकोला बरोबर घेऊन ये, असे सांगितले. त्याला वाईट वाटले. पण त्यांचे म्हणणे असे होते की माळ तुझ्या गळ्यात पडणार, आणि चूल मात्र त्यांची बदलणार. त्यांना विचारल्याशिवाय घेतलेली माळ घरात भांडण लावते आणि वर्षभरात खुंटीवर जाते. तो पुढच्या वारीला दोघींना घेऊन आला, तेव्हा त्यांनी आनंदाने माळ घातली. जुने माळकरी तर माळ तुटली की मणी ओवून ती पुन्हा गळ्यात पडेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाहीत. नियम लहान असतो, पण तो रोज, सगळ्यांसमोर, गळ्यात घेऊन वागवायचा असतो. पैशाचा व्यवहार करताना समोरचा माणूस आधी तुमच्या गळ्याकडे पाहतो, हे प्रत्येक माळकऱ्याला माहीत आहे.

या पंथाचा दुसरा विशेष असा की माळ घालणाऱ्याला बहुधा कोणी आपला मालक समजत नाही. गुरू ज्ञानोबा-तुकोबा, माळ घालणारा त्यांच्या वतीने घालतो. म्हणून वारीत भेटलेले दोन वारकरी वय, जात, विद्या काही न पाहता एकमेकांच्या पायांना हात लावतात आणि एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. नमस्कार एकाच दिशेने वाहत नाही. मला स्वतःला हे या पंथाचे सर्वांत मोठे वैभव वाटते.

आपल्याला घातलेल्या गुप्ततेच्या अटीवरून मंत्र गुप्त ठेवण्याचा प्रश्न येतो, त्यासाठी तुकोबांचे उदाहरण पुरेसे आहे. तुकोबांना अनुग्रह स्वप्नात झाला, आणि त्यांनी तो प्रसंग एका अभंगात तपशीलवार सांगून ठेवला आहे. गंगास्नानाला जाताना वाटेत सद्गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात त्या तुपाचा विसर पडला. सेवा काहीच घडली नाही, काही अंतराय आला असावा म्हणून ते त्वरेने निघून गेले, अशी खंत तुकोबा व्यक्त करतात. पुढे राघवचैतन्य, केशवचैतन्य ही परंपरेची खूण, बाबाजी हे गुरूंचे नाव आणि माघ शुद्ध दशमी, गुरुवार हा दिवसही सांगतात. आणि मंत्र? तोही त्याच अभंगात उघड सांगून टाकला आहे : रामकृष्णहरी. जो मंत्र गुरूंनी खासगीत दिला तो तुकोबांनी सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी दिला, आणि आज लाखो लोक टाळ-मृदंगाच्या गजरात तो मोठ्याने म्हणतात. आपण रोज जपता तो हाच मंत्र आहे. म्हणून मला कोणी ‘माझ्याजवळ गुरुमंत्र नाही’ असे सांगितले की मी विचारतो, तुकोबांना जो मिळाला तो आपल्याला पुरणार नाही का?

त्या पावशेर तुपाकडेही पाहावे. ज्यांच्या अभंगांवर अख्खी परंपरा उभी आहे, त्यांना आपल्या गुरूंविषयी आठवते ते आपल्या हातून राहून गेलेले. गुरूंनी मला निवडले, असा तोरा त्या अभंगात कोठेही नाही. त्यांनी मागितलेले एवढेसे मी देऊ शकलो नाही, ही चुटपुट आहे. खऱ्या शिष्याची भाषा मी जेथे जेथे ऐकली तेथे ती अशीच होती.

गुरू देहात असलाच पाहिजे का, या शंकेलाही येथे उत्तर आहे. बाबाजी चैतन्यांची समाधी जुन्नर तालुक्यात ओतूरला आहे, आणि अनुग्रहाच्या वेळी ते देहात नव्हते असे परंपरा मानते. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) यांनाही तुकोबांचा अनुग्रह प्रत्यक्ष भेटीआधी स्वप्नात झाला. ब्राह्मण घरातील स्त्रीने शूद्र मानल्या गेलेल्या संताला गुरू करावे, हे त्यांच्या पतीला आधी मुळीच रुचले नाही. घरात छळ झाला. बहिणाबाईंनी संसारही सोडला नाही आणि तुकोबांनाही सोडले नाही, आणि अखेर पती-पत्नी दोघेही देहूला आले. अलीकडच्या काळात विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५), जे लहानपणापासून अंध होते, त्यांनी सहाशे वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेल्या ज्ञानेश्वर महाराजांनाच गुरू आणि पिता मानले. तरीही मी सर्वांना स्वप्नाची वाट पाहत बसा असे सांगत नाही. आपल्या इच्छेची स्वप्ने आपल्याला पडतात. तुकोबांच्या आणि बहिणाबाईंच्या स्वप्नांना त्यांच्या पुढच्या संपूर्ण आयुष्याने साक्ष दिली, म्हणून आपण ती मानतो.

कानात मंत्र देण्याची पद्धत समर्थ, दत्त आणि नाथ परंपरेत आहे, आणि तीही तितकीच आदरणीय आहे. तेथे साधारणपणे स्नान, उपवास, गुरुपूजन होते, उजव्या कानात मंत्र सांगितला जातो आणि रोज किमान किती जप करायचा ते ठरवून दिले जाते. मंत्र चारचौघांत न उच्चारण्याची रीतही तेथे असते. काही परंपरांमध्ये स्पर्शाने, दृष्टीने किंवा केवळ संकल्पाने शक्तिपात होतो, म्हणजे गुरूची शक्ती शिष्यात उतरते, असे मानतात. त्यावर अधिक बोलण्याचा अधिकार त्या मार्गाने चाललेल्यांचा आहे. येथे एक भेद मात्र नीट ध्यानात ठेवावा. मंत्राची अक्षरे मनात ठेवा, असे सांगणे ही परंपरा आहे. येथे काय झाले, कोण भेटले, किती पैसे दिले, हे पतीला सांगू नका, असे सांगणे ही परंपरा नव्हे. कोणत्याही संप्रदायाच्या ग्रंथात अशी अट मला आढळलेली नाही. ज्या महाराजांकडे जाण्याचा आग्रह आपल्याला होत आहे तेथे आपण जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बाबतीत समर्थांइतके परखड कोणी लिहिलेले नाही. दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची आणि शिष्याची लक्षणे स्वतंत्र समासांत आहेत. आरंभीच ते म्हणतात की करामती दाखवणाऱ्यांनाही लोक गुरू म्हणतात, परंतु ते मोक्ष देणारे सद्गुरू नव्हेत. आणि जे शिष्याला साधनाला लावत नाहीत, इंद्रियदमन करवीत नाहीत, असे गुरू ‘आडक्याचे तीन मिळाले तरी त्यजावे’. अडका म्हणजे अगदी क्षुल्लक नाणे. त्यात तीन येत असतील तरी घेऊ नका. या ओवीतली कसोटी किती व्यवहार्य आहे पाहा. गुरूचे तेज, त्याचा शिष्यपरिवार, त्याच्या अंगात येणे, त्याने मनातले ओळखणे, यांतले काहीच समर्थ पाहायला सांगत नाहीत. त्याने तुम्हाला कामाला लावले का, एवढेच पाहायला सांगतात. अनुग्रह घेऊन बाहेर पडताना आपल्याकडे उद्या पहाटेपासून करायचे काही आहे का? की फक्त पुढच्या कार्यक्रमाची तारीख आणि पादुकापूजनाची पावती आहे?

त्याच दशकात समर्थ दुसऱ्या बाजूलाही सोडत नाहीत. सद्गुरू नसेल तर सच्छिष्य वाया जातो, आणि सच्छिष्य नसेल तर सद्गुरू नुसता शिणतो, असे ते सांगतात. मी असे पुष्कळ साधक पाहिले आहेत की ज्यांनी तीन-चार ठिकाणी अनुग्रह घेतला आणि एकाही ठिकाणचा जप टिकवला नाही. त्यांच्या गुरूंमध्ये उणे नव्हते. म्हणून अनुग्रहाची घाई करणाऱ्याला मी आधी वर्षभर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेला जप करून पाहा असे सांगतो. आपण तो कित्येक वर्षे करीत आहात. आपली शिष्य म्हणून असलेली अर्धी तयारी झालेलीच आहे, हे आपल्याला कोणी सांगितले नाही याचे मला वाईट वाटते.

एकदा गुरू केला की तो सोडता येतो का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, परंतु आग्रहाखातर मंत्र घेऊन नंतर पश्चात्ताप करणाऱ्यांचा तोच पहिला प्रश्न असतो. महाभारताच्या उद्योगपर्वात परशुराम भीष्मांना अंबेचा स्वीकार करण्याची आज्ञा देतात. परशुराम हे भीष्मांचे प्रत्यक्ष गुरू, ज्यांनी त्यांना शस्त्रविद्या शिकवली. भीष्म नम्रपणे नकार देतात आणि त्या वेळी एक श्लोक सांगतात : गर्वाने ताठलेला, कार्य-अकार्य न जाणणारा आणि आडमार्गाला लागलेला असेल, तर गुरूचाही त्याग विहित आहे. प्रत्यक्ष गुरूंशी युद्ध करण्याची वेळ आली, तरी भीष्मांनी ती आज्ञा मानली नाही. जो गुरू शिष्येच्या देहाची किंवा मालमत्तेची अपेक्षा धरतो, त्याच्या बाबतीत तर विचार करीत बसण्याचे कारणच नाही. तेथून उठावे, घरच्यांना सांगावे आणि पोलिसांकडे जावे. अलौकिक शक्तीचा दावा करून स्त्रीचे शोषण करणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. गुरुद्रोहाचे पाप लागेल या भीतीने गप्प बसलेल्या भगिनी मी पाहिल्या आहेत, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहितो.

हे सगळे सावधगिरीचे झाले. परंतु नुसत्या सावधगिरीने हा विषय संपवला तर मी त्याच्यावर अन्याय केला असे होईल, कारण हे नाते खरे जुळते तेव्हा काय असते तेही आपल्याला ठाऊक असावे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात गीतेतील ‘आचार्योपासन’ (गुरूची सेवा) या एका शब्दावर महाराज कितीतरी ओव्या बोलतात. तेथला शिष्य गुरूंपासून दूर, आपल्या गावी राहतो आहे. गुरूंची आज्ञा आहे म्हणून राहतो आहे, दाव्याने बांधलेल्या वासरासारखा. तो मनोरथ करतो की जिवंत असताना तर सेवा करीनच, पण देह पडल्यावर या शरीराची माती जेथे श्रीगुरूंचे चरण उभे राहतील त्या मातीत मिळवीन, यातले पाणी ते ज्या पाण्याला स्पर्श करतील त्यात मिळवीन, यातले तेज त्यांच्या आरतीच्या दिव्यात. असे रंगून वर्णन झाल्यावर महाराज एकदम स्वतःकडे वळतात आणि म्हणतात की मी हात असून लुळा, भजनात आंधळा, सेवेला पांगळा आणि गुरूंचे वर्णन करण्यात मुका आहे. फुकट पोसलेला आळशी आहे. मनात प्रेम मात्र खरे आहे. ही ओवी प्रवचनात आली की मला नेहमी थांबावे लागते.

आणि हे प्रेम एकतर्फी नव्हते. निवृत्तिनाथ थोरले बंधू आणि गुरूही. १२९६ मध्ये आळंदीला शिष्याने आधी समाधी घेतली आणि गुरू मागे राहिले. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक आहे : आईवडिलांनी आम्हाला सोडले तेव्हाही असे दुःख झाले नव्हते, असे ते म्हणतात. नाथपंथाचा योगी, ब्रह्मज्ञानी गुरू, शिष्यासाठी असा रडतो. जो गुरू शिष्याला केवळ आपल्या मठाचा सभासद समजतो, त्याच्याकडून अशा शोकाची कल्पनाही करता येत नाही.

आता आपण काय करावे ते सांगतो. हरिपाठ आणि जप आहे तसाच, त्याच वेळी चालू ठेवावा. पाळीच्या दिवसांतही खंड पाडण्याचे कारण नाही. माळ घ्यायची असेल तर आपल्या गावच्या दिंडीतील विणेकऱ्यांशी (वीणा धरणाऱ्या वारकऱ्यांशी) किंवा आळंदीतील एखाद्या जाणत्या माळकऱ्यांशी आधी मोकळेपणाने बोलावे, आणि जाताना पतीला बरोबर घेऊन जावे. मधुमेहाची गोष्ट माळ घालण्यापूर्वीच सांगावी, म्हणजे नियम देतानाच त्याचा विचार होईल. माझ्या ओळखीचे अनेक माळकरी मधुमेही आहेत आणि त्यांना समजूतदार फडकऱ्यांनी कधी अडवलेले नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निराहार राहणे धोक्याचे आहे, आणि साबुदाण्याची खिचडी व बटाटे यांनी रक्तातली साखर उलट वाढते. त्यामुळे एकादशीला काय आणि किती वेळाने खावे, त्या दिवशी औषधाचे प्रमाण काय असावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. पथ्याला चालेल तेवढा फराळ करून हरिपाठ, जमल्यास कीर्तनश्रवण आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर बारस सोडणे (द्वादशीला उपवास सोडणे), एवढे आपल्याकडून घडले तरी एकादशी झाली असे मी मानतो. पंढरीची वारी पायी जमली नाही तर गाडीने करावी. पहिल्या वर्षी आषाढीची गर्दी झेपणार नसेल तर माघीला जावे, तेव्हा दर्शनही तुलनेने निवांत होते.